एक्सएमएलद्वारे राउटर कॉन्फिगरेशन

राउटरवर लॉगिन करून एकेक कमांड टाइप करण्याऐवजी प्रोग्रामने एक्सएमएलमध्ये, म्हणजे खुणांनी बांधलेल्या मजकुरात, मागणी पाठवून कॉन्फिगरेशन वाचण्याची व बदलण्याची पद्धत. नेटकॉन्फ हा तिचा प्रमाणित प्रोटोकॉल.

कमांड लाइन माणसासाठी घडवलेली आहे. स्क्रिप्टला तिच्या पडद्यावरून शब्द वेचावे लागतात आणि नव्या आवृत्तीत एखादा रकाना सरकला तरी ती फसते. एसएनएमपी हा नेटवर्क-व्यवस्थापनाचा प्रोटोकॉल १९८८ पासून होता, पण त्याचा वापर बहुतेक देखरेखीपुरताच राहिला. २००२ मध्ये इंटरनेट आर्किटेक्चर बोर्डाच्या कार्यशाळेत नेटवर्क चालवणाऱ्यांनी ही अडचण मांडली. ज्युनिपर या कंपनीच्या राउटरांत एक्सएमएल इंटरफेस आधीच होता. त्याची छाप २००६ च्या नेटकॉन्फवर स्पष्ट दिसते. सध्याची आवृत्ती २०११ ची, आरएफसी ६२४१ या मानक दस्तऐवजातली. कॉन्फिगरेशनचा आराखडा मांडणारी यांग ही भाषा २०१० मध्ये आली.

संवाद एसएसएच या सुरक्षित जोडणीवरून, पोर्ट ८३० वर चालतो. सुरुवातीलाच दोन्ही बाजू आपापल्या क्षमता सांगतात. हा भाग वाचल्याशिवाय स्क्रिप्ट पुढे जाऊ देऊ नये, कारण प्रत्येक राउटरला सगळे जमत नाही. चालू कॉन्फिगरेशन ‘रनिंग’मध्ये असते. ‘कँडिडेट’ हा कच्चा मसुदा. तो लॉक करायचा, बदलायचा, तपासायचा आणि मग कमिट, म्हणजे लागू, करायचा. बदलाची मूळ रीत ‘मर्ज’ आहे, म्हणजे नवा पत्ता टाकला तरी जुना तसाच राहू शकतो. जुना काढायचा तर ‘रिप्लेस’ किंवा ‘डिलीट’ स्पष्ट लिहावे लागते. नवख्यांची चूक नेमकी इथे होते.

समजा, नागपुरात मिहानमधल्या ऑफिसातून रात्री गडचिरोलीच्या राउटरचा अपलिंक (मुख्य नेटवर्ककडे जाणाऱ्या जोडणीचा) पत्ता ‘रिप्लेस’ने बदलला आणि शेवटचा आकडा चुकला. तपासणीत हे पकडले जात नाही. पत्ता चुकीचा असला तरी त्याचे रूप बरोबर असते. कमिट होताच लिंक डाउन. साधे कमिट असेल तर राउटरला थेट जोडायची कन्सोल केबल घेऊन कुणालातरी रस्त्याने पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास जावे लागेल. ‘कन्फर्म्ड कमिट’ असेल तर ठरल्या मुदतीत दुसरे कमिट आले नाही की राउटर स्वतःच जुन्या कॉन्फिगरेशनवर परततो. मुदत न दिल्यास ती ६०० सेकंद धरली जाते. या पद्धतीतली सर्वांत मोलाची सोय हीच. मुदतीआधी सत्र तुटले तरीही बदल मागे घेतला जातो. दुसऱ्या सत्रातून पक्के करायचे असेल तर पहिल्या कमिटसोबत ‘पर्सिस्ट’ ही खूण द्यावी लागते.

२०१७ चा रेस्टकॉन्फ हा याच कामाचा दुसरा प्रोटोकॉल एचटीटीपीवर चालतो, एक्सएमएलसोबत जेसॉन हा माहितीचा साचाही स्वीकारतो आणि शिकायला सोपा आहे. मात्र त्यात लॉक नाही, कन्फर्म्ड कमिटही नाही, म्हणून दूरच्या राउटरचा अपलिंक बदलताना नेटकॉन्फच वापरावे.