रनिंग बॅक : अमेरिकन फुटबॉलमधील भूमिका आणि कारकीर्द

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू छातीशी धरून प्रतिस्पर्ध्यांच्या फळीतून पळणे हे ज्याचे मुख्य काम, तो रनिंग बॅक. कोल्हापूरकर ज्याला फुटबॉल म्हणतात त्याच्याशी या खेळाचे नाते नावापुरतेच. इथे चेंडूला पाय लागण्याचे प्रसंग मोजके. चार प्रयत्नांत 10 यार्ड, म्हणजे नऊ मीटरांहून थोडे अधिक, पुढे सरकले तर चेंडू संघाकडे राहतो. हे अंतर क्वार्टरबॅकने, म्हणजे डाव चालवणाऱ्या खेळाडूने, चेंडू फेकून कापता येते किंवा रनिंग बॅकने पळून. पळून कापायचे, तर जवळजवळ प्रत्येक वेळी शेवट धडकेने होतो. त्यामुळे नॅशनल फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, रनिंग बॅकची कारकीर्द इतर बहुतेक जागांपेक्षा लवकर आटोपते. त्यात करारांचे नियम असे की त्याच्या उमेदीच्या वर्षांनाच सर्वांत कमी मोल मिळते.

या जागेचा सर्वोच्च विक्रम एमिट स्मिथच्या नावावर आहे. 1990 ते 2004 या 15 हंगामांत, आधी डॅलस काउबॉइज आणि अखेरची दोन वर्षे अॅरिझोना कार्डिनल्सकडून, त्याने 4,409 वेळा चेंडू घेऊन 18,355 यार्ड धाव घेतली. मीटरमध्ये मांडले तर हे अंतर जेमतेम पावणेसतरा किलोमीटर भरते. साडेचार हजारांच्या आसपास वेळा आपटी खाऊन माणूस एवढाच पुढे जातो, आणि तरीही तो सर्वश्रेष्ठ ठरतो.

चेंडू हाती येताना

पारंपरिक रचनेत रनिंग बॅक आरंभरेषेच्या सुमारे 7 यार्ड मागे उभा राहतो. क्वार्टरबॅक स्वतः मागे उभा राहून चेंडू घेतो त्या शॉटगन रचनेत तो त्याच्या शेजारी असतो. पुढे फळी धरणारे पाच लाइनमन : मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि त्यांच्या बाहेर टॅकल. सेंटर आणि गार्डमधली फट ‘ए’, गार्ड आणि टॅकलमधली ‘बी’, टॅकलच्या बाहेरची ‘सी’.

चेंडू हातात देण्याघेण्याला हँडऑफ म्हणतात. क्वार्टरबॅक ज्या बाजूला असेल त्या बाजूचा कोपर वर उचलून हात छातीसमोर आडवा धरायचा. दुसरा हात पोटाशी, तळवा वर. मधल्या खोबणीत क्वार्टरबॅक चेंडू दाबून बसवतो आणि दोन्ही हात त्यावर मिटतात. या सगळ्यात रनिंग बॅकची नजर फटीवर असते, चेंडूवर नाही. चेंडू नीट बसवणे हे देणाऱ्याचे काम. नवखे इथे दोन चुका करतात. एक तर चुकीचा कोपर वर येतो आणि चेंडू त्यावर आपटून खाली पडतो. नाही तर चेंडू बघण्यासाठी मान खाली जाते आणि तेवढ्यात फट बुजते.

पुढचा प्रश्न चेंडू टिकवण्याचा. चेंडूचे टोक बोटांच्या पंजात, खाली तळहात, बाजूने पुढचा हात, वर दंड आणि आतून बरगड्या : पाच ठिकाणी दाब हवा. न्यू यॉर्क जायंट्सच्या टिकी बार्बरच्या हातून 2003 च्या हंगामात 9 वेळा चेंडू सुटला होता. प्रशिक्षकांनी त्याची पकड बदलली : मनगट कोपरापेक्षा वर, चेंडू जवळजवळ उभा, छातीला चिकटून. 2005 मध्ये त्याने 357 वेळा चेंडू घेतला आणि 1,860 यार्ड काढले. चेंडू सुटला एकदाच. वेग, ताकद, वय यांत फारसे काही बदलले नव्हते, बदलला होता मनगटाचा कोन.

वेगाचे कौतुक प्रेक्षकांना जास्त असते, प्रशिक्षकांना सबुरीचे. ‘आउटसाइड झोन’ या डावात सगळी फळी एका दिशेने सरकते आणि धावक तिच्या मागून तिरका निघतो. त्याने बचावपटूंची हालचाल वाचायची आणि एकच वळण घ्यायचे. फटीपाशी तो घाईने पोचला तर अडथळा बाजूला व्हायच्या आतच त्यावर आदळतो. उशीर केला तर मागच्या बाजूने पकडला जातो. 1995 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेत, सहाव्या फेरीत, 196 व्या क्रमांकावर निवडला गेलेला टेरेल डेव्हिस डेन्व्हर ब्रॉन्कोजकडून हे एक वळण इतके नेमके घेई की 1998 मध्ये त्याने 2,008 यार्ड काढले. डेट्रॉइट लायन्सचा बॅरी सँडर्स मात्र या शिकवणीच्या नेमका उलट होता. मागे फिरणे, थांबणे, पुन्हा फिरणे. त्यात पुष्कळदा यार्ड गमावणे. 1997 च्या पहिल्या दोन सामन्यांत मिळून त्याचे 53 यार्ड झाले, आणि पुढच्या 14 पैकी प्रत्येक सामन्यात शंभराच्या वर. हंगामअखेर बेरीज 2,053. ही शैली शिकवता येत नाही. कुठल्या प्रशिक्षकाने शिकवायचा प्रयत्नही करू नये.

नव्या रनिंग बॅकला बाकावर बसवणारी गोष्ट पळण्याशी संबंधित नसते. क्वार्टरबॅक चेंडू फेकणार असतो तेव्हा पाच लाइनमन पाच जणांना अडवतात. सहावा चालून आला की तो रनिंग बॅकचा. त्याने आधी मधल्या फटींकडे पाहायचे, मग बाहेर, कारण क्वार्टरबॅकपर्यंतचा सर्वांत जवळचा रस्ता मधून जातो. आणि जागेवर वाट न पाहता पुढे होऊन भिडायचे. अंगाने दहा-पंधरा किलो जड लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या पुढच्या फळीमागचा खेळाडू, वेगात येऊ दिला, तर तो रनिंग बॅकला उचलून क्वार्टरबॅकच्याच पायात आणून टाकतो. एवढ्या एका चुकीपायी संघाचा सर्वांत महागडा खेळाडू जायबंदी होऊ शकतो. हे काम जमेपर्यंत फेकीच्या प्रसंगी मैदानावर नवख्याऐवजी जुनाच दिसतो.

शरीराची झीज

गुडघ्याचा एसीएल हा अस्थिबंध फाटणे ही सर्वांत धास्तीची दुखापत. मिनेसोटा व्हायकिंग्जच्या एड्रियन पीटरसनचा तो 24 डिसेंबर 2011 रोजी फाटला. पुढच्या हंगामाच्या पहिल्याच सामन्यात तो परतला आणि वर्षभरात 2,097 यार्ड काढले. 1984 मध्ये एरिक डिकरसनने केलेल्या 2,105 च्या विक्रमापासून तो 8 यार्ड दूर राहिला. हे उदाहरण वारंवार दिले जाते, पण ते अपवादाचे आहे. डेव्हिसचा गुडघा 1999 मध्ये गेला आणि 2001 नंतर तो खेळलाच नाही. बो जॅक्सनचे फुटबॉल जानेवारी 1991 मधल्या एका टॅकलने, म्हणजे पकडून पाडण्याने, संपले : कमरेचा सांधा निखळला आणि हाडाचा रक्तपुरवठाच तुटला. ‘टर्फ टो’ ऐकायला किरकोळ वाटते. कृत्रिम गवतावर पायाचा अंगठा उलटा वाकून त्याचे बंध ताणतात, आणि मग जमिनीला रेटा देताच येत नाही. रेट्याशिवाय वळण नाही.

एका हंगामात 370 पेक्षा जास्त वेळा चेंडू घेतला की पुढचे वर्ष वाईट जाते, असा एक ठोकताळा आहे. कॅन्सस सिटीच्या लॅरी जॉन्सनने 2006 मध्ये 416 वेळा चेंडू घेतला, हा विक्रमच. पुढच्या वर्षी पायाच्या दुखापतीने त्याचा हंगाम निम्म्यावर थांबला. पण डिकरसनने 1983 मध्ये 390 वेळा चेंडू घेतला होता आणि विक्रमी वर्ष त्याच्या नंतरचे. इतक्या वेळा चेंडू मिळतो तो मुळात न दुखावलेल्या आणि चांगल्या भरात असलेल्याला. पुढच्या वर्षी आकडे घसरणार हे उघडच आहे. ठोकताळ्यात तथ्य असले तरी तो नियम नव्हे.

करारांचे गणित

शाळा संपून तीन वर्षे झाल्याशिवाय ड्राफ्टमध्ये येता येत नाही. म्हणजे प्रवेश 21-22 व्या वर्षी. पहिला करार चार वर्षांचा, ठरीव वेतनश्रेणीतला. पहिल्या फेरीतल्या खेळाडूला संघ पाचव्या वर्षी स्वतःच्या मर्जीने अडकवू शकतो. त्यावर ‘फ्रँचाइझ टॅग’ लावून, म्हणजे ठरीव रकमेवर बाजारात जाण्यापासून रोखून, आणखी एक वर्ष. खेळाडू मोकळ्या बाजारात येतो तोवर सत्ताविशीचा झालेला असतो, आणि बाजार त्याला म्हातारा म्हणू लागतो. 2018 मध्ये पिट्सबर्गच्या लेव्हिऑन बेलने टॅगचे साडेचौदा दशलक्ष डॉलर नाकारून अख्खा हंगाम बाहेर काढला. 2023 मध्ये रनिंग बॅकचा टॅग 10.091 दशलक्षांवर घसरला होता. त्याच वर्षाच्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, कॅन्सस सिटीकडून ड्राफ्टच्या शेवटच्या, सातव्या फेरीतला आयझाया पाचेको धावत होता. एवढ्या स्वस्तात काम होते, तर पैसे कशाला, असा संघमालकांचा हिशेब.

त्या वर्षी टॅग लागलेल्यांत जायंट्सचा सॅक्वॉन बार्कली होता. 2024 मध्ये तो फिलाडेल्फिया ईगल्सकडे गेला, 2,005 यार्ड काढले, प्लेऑफ, म्हणजे बाद फेरीचे सामने, धरून 2,504. संघ सुपर बोल जिंकला. 2025 मध्ये त्याला वर्षाला 20 दशलक्षांहून अधिकचा करार मिळाला, या जागेवरचा असा पहिलाच. ईगल्सची लाइन लीगमधल्या सर्वोत्तमांपैकी होती, हे मात्र विसरून चालणार नाही.

मैदान सोडताना

जिम ब्राउनने 1966 मध्ये, नऊ हंगामांपैकी आठांत अव्वल राहून, तिशीतच खेळ सोडला. सँडर्स जुलै 1999 मध्ये, वॉल्टर पेटनच्या तेव्हाच्या 16,726 च्या विक्रमाला 1,457 यार्ड उरले असताना, आपल्या गावच्या वर्तमानपत्राला फॅक्स पाठवून निवृत्त झाला. करार शिल्लक असल्याने करार करताना मिळालेल्या साइनिंग बोनसचा काही भाग त्याला परत करावा लागला. फ्रँक गोर मात्र, कॉलेजातच दोन्ही गुडघ्यांचे एसीएल फाटूनही, 37 व्या वर्षापर्यंत खेळला आणि 16,000 यार्डांवर थांबला.

बहुतेकांची निवृत्ती जाहीर होत नाही. ऑगस्टअखेर 53 जणांच्या यादीत नाव नसते, इतकेच. निवृत्तिवेतनासाठी तीन हंगाम जमेस धरले जावे लागतात, आणि पूर्ण पगारावर किमान तीन सामने यादीत राहिल्यास हंगाम मोजला जातो. म्हणून तिसऱ्या-चौथ्या पसंतीचा रनिंग बॅक किकऑफच्या, म्हणजे चेंडू लाथाडून प्रतिस्पर्ध्याकडे देण्याच्या, वेळी धावत जाऊन टॅकल करायलाही शिकतो. यादीतले ते शेवटचे स्थान पळणाऱ्याला नव्हे, टॅकल करणाऱ्याला मिळते.