बीबॉप व हार्ड बॉप वादक : जीवन आणि वारसा

बीबॉप ही जॅझ संगीताची शैली १९४० च्या दशकाच्या पूर्वार्धात न्यूयॉर्कमध्ये, मुख्यतः हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीत घडली. हार्ड बॉप ही तिचीच शाखा १९५० च्या दशकाच्या मध्यापासून पुढे आली. दोन्ही शैलींचे प्रवर्तक बहुतांशी आफ्रिकी-अमेरिकी होते. चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी, थेलोनियस मंक, बड पॉवेल, मॅक्स रोच, आर्ट ब्लेकी, होरेस सिल्व्हर, क्लिफर्ड ब्राउन, सनी रोलिन्स आणि ली मॉर्गन ही त्यांतली ठळक नावे. या पिढीबद्दल लिहिताना हेरॉइन, मनोरुग्णालये आणि अकाली मृत्यू यांची जंत्री देण्याची प्रथाच पडली आहे. ती जंत्री खोटी नाही, पण तिच्यामुळे दोन गोष्टी झाकल्या जातात. या वादकांची आयुष्ये व्यसनाइतकीच पोलिसी परवान्यांनी, ध्वनिमुद्रणाच्या करारांनी आणि वर्णभेदाने घडवली; आणि त्यांनी मागे ठेवलेली विद्या अतिशय शिस्तीने कमावलेली व शिकवलेली होती.

हार्लेममधील ११८ व्या रस्त्यावरचे ‘मिंटन्स प्लेहाउस’ हे बीबॉपचे जन्मस्थान मानले जाते. हेन्री मिंटन या सॅक्सोफोनवादकाने ते १९३८ मध्ये सुरू केले. १९४० मध्ये व्यवस्थापक म्हणून आलेल्या टेडी हिलने तेथे एक कायमचा वाद्यवृंद नेमला, त्यात पियानोवर मंक आणि ड्रम्सवर केनी क्लार्क होता. मोठ्या नृत्यवृंदांत ठरावीक वेतनावर, ठरावीक स्वरलेखन वाजवणारे वादक आपले काम संपवून रात्री तेथे जमत आणि पहाटेपर्यंत एकमेकांची परीक्षा पाहत. क्लार्कने लय राखण्याचे काम पायाच्या मोठ्या ड्रमकडून काढून झांजेकडे दिले आणि पायाचा ड्रम अनपेक्षित आघातांसाठी मोकळा केला. पियानोवादकाचा डावा हात अखंड ठेका धरण्याच्या जबाबदारीतून सुटला. एकल वादकाने मूळ सुरावट नटवण्याऐवजी तिच्याखालच्या स्वरसंगतीवर (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या क्रमावर) नवी, वेगवान आणि तिरकस वळणांची सुरावट तत्क्षणी रचावी, अशी अपेक्षा रूढ झाली. ठरलेल्या मात्रांचे आवर्तन सतत फिरत राहते आणि गायक त्यात उपज करूनही समेला अचूक येतो, हे ज्याने ऐकले आहे त्याला बत्तीस बारांच्या (ठरावीक मात्रांच्या गटांच्या) चक्रात चाललेले हे वादन समजायला अवघड जाऊ नये. फरक एवढाच की येथे लयीबरोबर स्वरसंगतीचाही हिशेब ठेवावा लागतो.

या घडणीचा बराचसा काळ ध्वनिमुद्रित झालाच नाही. अमेरिकन वादक संघटनेने मानधनाच्या वादातून १ ऑगस्ट १९४२ पासून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला आणि मोठ्या कंपन्यांपैकी व्हिक्टर व कोलंबिया यांनी नोव्हेंबर १९४४ पर्यंत तडजोड केली नाही. त्यामुळे १९४५ मध्ये या शैलीच्या ध्वनिमुद्रिका बाजारात आल्या तेव्हा श्रोत्यांना ही शैली एकाएकी आकाशातून पडल्यासारखी वाटली, आणि जुन्या पिढीतील अनेकांनी तिला गोंगाट ठरवले.

२६ नोव्हेंबर १९४५ रोजी सॅव्हॉय कंपनीसाठी मुद्रित झालेली सॅक्सोफोनवादक पार्करची ‘को-को’ ही रचना या संदर्भात बारकाईने पाहण्याजोगी आहे. तिचा पाया ‘चेरोकी’ या लोकप्रिय गीताच्या स्वरसंगतीचा आहे. पहिल्या प्रयत्नात प्रास्ताविक संपताच वादक ‘चेरोकी’ची मूळ चाल वाजवू लागतात आणि ध्वनिमुद्रण मध्येच थांबते. पुढच्या प्रयत्नात ती चाल गाळलेली आहे. प्रास्ताविकानंतर पार्कर थेट स्वतःच्या वादनात शिरतो आणि चौसष्ट बारांची दोन चक्रे भयंकर वेगात पार करतो. अमेरिकी कायद्याने स्वामित्व चालीला मिळते, तिच्याखालच्या स्वरसंगतीला नाही. त्यामुळे जुन्या गीताच्या सांगाड्यावर नवी चाल बसवली की मूळ गीतकाराला शुल्क द्यावे लागत नसे, हे लहान कंपन्यांना सोयीचे होते. बीबॉपमधील कितीतरी रचना अशा बनल्या आहेत. त्यांच्याकडे निव्वळ सौंदर्यदृष्टीतून पाहणाऱ्या समीक्षकांनी या व्यवहाराची नोंद क्वचितच घेतली. त्या दिवशी ट्रम्पेटसाठी बोलावलेला माइल्स डेव्हिस एकोणीस वर्षांचा होता. ‘को-को’च्या प्रास्ताविकातले ट्रम्पेट मात्र गिलेस्पीने वाजवले आणि मग तोच पियानोवर जाऊन बसला.

पार्करचा जन्म २९ ऑगस्ट १९२० रोजी कॅन्सस राज्यातील कॅन्सस सिटी येथे झाला. कुमारवयातच त्याला हेरॉइनचे व्यसन लागले. १९४६ मध्ये कॅलिफोर्नियात तो कोसळला आणि सुमारे सहा महिने कॅमरिओ येथील सरकारी मनोरुग्णालयात राहिला. १२ मार्च १९५५ रोजी न्यूयॉर्कमध्ये, बॅरोनेस पॅनोनिका द कोनिग्सवॉर्टर या आश्रयदात्रीच्या हॉटेलातील निवासस्थानी त्याचे निधन झाले. तपासणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्याने मृताचे वय पन्नास ते साठ असावे असा अंदाज केला. पार्कर चौतीस वर्षांचा होता. त्याच्या असंख्य अनुयायांनी त्याचे वादन आत्मसात करताना त्याचे व्यसनही वादनाचाच भाग समजून उचलले, आणि पार्कर स्वतः तरुणांना त्यापासून परावृत्त करीत असूनही ती समजूत थांबली नाही.

न्यूयॉर्क शहरात १९४० पासून मद्य विकले जाणाऱ्या ठिकाणी काम करणाऱ्या प्रत्येकाला पोलिसांकडून ‘कॅबरे कार्ड’ नावाचा परवाना घ्यावा लागे. त्यासाठी बोटांचे ठसे द्यावे लागत आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यात नाव आले की तो काढून घेतला जाई. जॅझ बहुतेक करून अशाच क्लबांत वाजत असल्यामुळे परवाना जाणे म्हणजे देशातल्या सर्वांत महत्त्वाच्या शहरात उपजीविका बंद होणे. पार्करचा परवाना १९५१ मध्ये गेला. १९५३ मध्ये मद्य परवाना प्राधिकरणाला लिहिलेल्या पत्रात आपला व्यवसाय करण्याचा हक्क हिरावला गेला असून निरपराध पत्नी व मुले त्याची शिक्षा भोगत आहेत, असे त्याने अजीजीने कळवले होते. पार्करचा परवाना गेला त्याच वर्षी, १९५१ मध्ये, मंक आणि पॉवेल एका मोटारीत बसलेले असताना पोलिसांना अमली पदार्थ सापडले. मंकने मित्राविरुद्ध तोंड उघडले नाही असे मानले जाते. त्याला तुरुंगवास झाला आणि सुमारे सहा वर्षे शहरातील क्लब त्याच्यासाठी बंद झाले. याच वर्षांत त्याने पुढे जगभर वाजवल्या गेलेल्या कित्येक रचना केल्या. १९५७ मध्ये परवाना परत मिळाल्यावर ‘फाइव्ह स्पॉट’ क्लबात सॅक्सोफोनवादक जॉन कोलट्रेनसह झालेल्या त्याच्या दीर्घ मुक्कामाने रसिकांची रीघ लागली. परवान्याची ही पद्धत १९६७ मध्ये रद्द झाली.

पॉवेलची कथा अधिक क्रूर आहे. १९४५ मध्ये फिलाडेल्फियात पोलिसांनी त्याच्या डोक्यावर मारहाण केली. त्यानंतर डोकेदुखी, मनोरुग्णालयातील वारंवार वास्तव्य आणि विजेचे झटके यांनी त्याला पोखरले. असे असूनही १९४९ ते १९५१ या काळातील त्याचे ध्वनिमुद्रण पियानोवादकांसाठी आजही पाठ्यपुस्तकासारखे आहे. १९५९ ते १९६४ तो पॅरिसमध्ये राहिला. केनी क्लार्क त्याआधीच, १९५६ मध्ये, तेथे स्थायिक झाला होता, आणि टेनर सॅक्सोफोनवादक डेक्स्टर गॉर्डनने कोपनहेगनला बरीच वर्षे घालवली. युरोपात वर्णभेद नव्हता असे नाही, पण तेथे परवान्याची टांगती तलवार नव्हती आणि वादकाला कलावंत म्हणून वागवले जाई.

व्यसन हीच प्रतिभेची किंमत, या समजुतीला सर्वांत ठळक अपवाद क्लिफर्ड ब्राउन हा होय. डेलावेअरमधील विल्मिंग्टनचा हा ट्रम्पेटवादक मद्य व अमली पदार्थांपासून दूर राहिला, गणितात रमला आणि १९५४ पासून ड्रमवादक मॅक्स रोचसह चालवलेल्या पंचकात त्याने तंत्र व माधुर्य यांचा असा मेळ घातला की नंतरच्या प्रत्येक ट्रम्पेटवादकाला त्याच्याशी हिशेब करावाच लागला. २६ जून १९५६ च्या पहाटे पेनसिल्व्हेनियातील महामार्गावर मोटार अपघातात तो, पियानोवादक रिची पॉवेल (बड पॉवेलचा धाकटा भाऊ) आणि रिचीची पत्नी नॅन्सी ठार झाले. ब्राउन तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. त्याचा सहवादक सनी रोलिन्स १९५५ मध्ये केंटकीतील लेक्सिंग्टनच्या सरकारी केंद्रात राहून हेरॉइनमधून बाहेर पडला होता आणि ब्राउनच्या निर्व्यसनी उदाहरणाचा आपल्यावर झालेला परिणाम त्याने पुढे वारंवार सांगितला.

ब्राउन-रोच पंचक हे हार्ड बॉपचे एक उगमस्थान. दुसरे ब्लेकी व सिल्व्हर यांचा ‘जॅझ मेसेंजर्स’ हा वृंद. बीबॉपची भाषा कायम ठेवून तिच्यात कृष्णवर्णीय चर्चमधील भक्तिगीतांचा आणि ब्लूजचा ठसठशीत रंग आणणे, चाली अधिक गाण्याजोग्या करणे आणि ठेका भारदस्त ठेवणे ही या शैलीची ओळख. तिचे वादक प्रामुख्याने डेट्रॉइट, फिलाडेल्फिया, पिट्सबर्ग अशा औद्योगिक शहरांतून आले. डेट्रॉइटच्या ‘कॅस टेक’ या एकाच सरकारी माध्यमिक शाळेतून पॉल चेंबर्स, रॉन कार्टर आणि डोनल्ड बर्ड बाहेर पडले; तेथील संगीतशिक्षण चांगलेच कडक होते. पियानोवादक होरेस सिल्व्हरची ‘द प्रीचर’ ही चाल ब्लू नोट या ध्वनिमुद्रिका कंपनीच्या आल्फ्रेड लायनला आधी जुनाट वाटली होती, पण सिल्व्हरने आग्रह सोडला नाही आणि तीच कंपनीच्या यशस्वी रचनांपैकी एक ठरली.

मेसेंजर्सचा सूत्रधार आर्ट ब्लेकी (१९१९–१९९०) हा पिट्सबर्गचा ड्रमवादक. सिल्व्हर बाहेर पडल्यावर त्याने हा वृंद मृत्यूपर्यंत, म्हणजे सुमारे पस्तीस वर्षे चालवला. १९५४ मध्ये ‘बर्डलँड’ क्लबात मुद्रित झालेल्या कार्यक्रमातच त्याने मंचावरून जाहीर केले होते की आपण तरुणांबरोबरच राहणार आणि हे म्हातारे झाले की आणखी तरुण आणणार, कारण त्याने डोके तल्लख राहते. ते त्याने शब्दशः पाळले. ली मॉर्गन, बेनी गोल्सन, वेन शॉर्टर, फ्रेडी हबर्ड, सीडर वॉल्टन आणि १९८० मध्ये विंटन मार्सालिस असे एकामागून एक त्याच्याकडे तयार झाले. नव्या वादकाला स्वतःची रचना आणायला लावणे, आणि वादन रेंगाळू लागले की ड्रमच्या घुमत्या आघाताने त्याला पुढे ढकलणे, ही त्याची शिकवण्याची रीत होती. ध्वनिमुद्रिकांवर ते ढकलणे स्पष्ट ऐकू येते. ब्लेकीने इस्लाम स्वीकारून अब्दुल्ला इब्न बुहैना हे नाव घेतले होते. या पिढीतील अनेकांप्रमाणे त्याच्यापर्यंत हा धर्म अहमदिया पंथाच्या प्रचारकांमार्फत पोहोचला, ज्या पंथाचे मूळ पंजाबातील कादियान येथे आहे.

हार्ड बॉपचा ध्वनी म्हणून आज जे ओळखले जाते त्यात ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरचा वाटा मोठा आहे. व्यवसायाने तो चष्म्याचे नंबर काढणारा नेत्रतपासनीस. न्यू जर्सीतील हॅकेनसॅक येथे आई-वडिलांच्या घराच्या दिवाणखान्यात तो ध्वनिमुद्रण करी आणि १९५९ मध्ये त्याने एंगलवुड क्लिफ्स येथे स्वतंत्र स्टुडिओ उभारला. ब्लू नोट वादकांना तालमीच्या दिवसांचेही पैसे देई. इतर छोट्या कंपन्या सहसा असे करीत नसत आणि त्यांच्या घाईघाईच्या ध्वनिमुद्रिकांत तो फरक कळतो. तरीही कंपनीच्या कपाटात बरेच काही पडून राहिले. टेनर सॅक्सोफोनवादक टीना ब्रुक्सने ब्लू नोटसाठी स्वतःच्या नेतृत्वाखाली चार ध्वनिमुद्रिका केल्या, त्यांतली एकच त्याच्या हयातीत प्रसिद्ध झाली. १९७४ मध्ये तो वारला तेव्हा त्याचे नाव जवळपास विसरले गेले होते.

फिलाडेल्फियाचा ट्रम्पेटवादक ली मॉर्गन अठराव्या वर्षीच प्रसिद्ध झाला. डिसेंबर १९६३ मध्ये मुद्रित झालेल्या ‘द साइडवाइंडर’ने विक्रीच्या याद्यांत अनपेक्षित मुसंडी मारली आणि पुढे कंपनीने प्रत्येक ध्वनिमुद्रिकेच्या आरंभी तसलाच ठेका मागायला सुरुवात केली, हे यश वादकांना काहीसे महागच पडले. व्यसनाने रस्त्यावर आलेल्या मॉर्गनला हेलन या त्याच्या सहचरीने सावरले, त्याची कामे पाहिली आणि पुन्हा मंचावर उभे केले. १९७० मध्ये दूरचित्रवाणीवर कृष्णवर्णीय जॅझ वादकांना स्थान मिळावे म्हणून कार्यक्रम बंद पाडणाऱ्या आंदोलनात तो सहभागी होता. १९ फेब्रुवारी १९७२ रोजी ‘स्लग्स’ क्लबात हेलननेच त्याच्यावर गोळी झाडली; बर्फवृष्टीमुळे रुग्णवाहिका उशिरा आली. तो तेहेतीस वर्षांचा होता.

स्त्रियांचा वाटा या इतिहासात सहसा तळटिपेत ढकलला जातो. पियानोवादक मेरी लू विल्यम्सच्या हार्लेममधील घरी मंक, पॉवेल आणि टॅड डॅमरन रात्री जमून रचना तपासून घेत. पुढे तिने व्यसनग्रस्त वादकांच्या मदतीसाठी संस्थाही काढली. ट्रॉम्बोनवादक व संगीतसंयोजक मेल्बा लिस्टन १९५६ च्या गिलेस्पीच्या परदेश दौऱ्यातील वृंदात होती.

मुंबईशी या परंपरेचा थेट संबंध रोलिन्समुळे येतो. १९५९ ते १९६१ या काळात कार्यक्रम थांबवून न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर एकट्याने रियाझ करणारा हा वादक १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुन्हा संगीतव्यवसायातून बाजूला झाला आणि पवई येथील आश्रमात वेदान्त व योग यांच्या अभ्यासासाठी काही महिने राहिला. १९७८ मध्ये मुंबईत भरलेल्या पहिल्या ‘जॅझ यात्रा’ महोत्सवात तो वाजवायला आला. शहरात ही भाषा जाणणारे वादक तेव्हा होतेच. गोव्याचा सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस हा त्यांतला अग्रणी.

अध्यापन हा या वारशाचा सर्वांत टिकाऊ भाग ठरला. सॅक्सोफोनवादक जॅकी मॅक्लीनने हार्टफर्ड विद्यापीठात जॅझचा अभ्यासक्रम उभा केला आणि वस्तीतील मुलांसाठी कलाकेंद्र चालवले. डेट्रॉइटचा पियानोवादक बॅरी हॅरिस तरुणपणापासून घरी शिकवी. मंकच्या अखेरच्या वर्षांत तो त्याच्यासह वीहॉकन येथील बॅरोनेस पॅनोनिकाच्या घरी राहत होता. १९८२ ते १९८७ या काळात त्याने न्यूयॉर्कमध्ये ‘जॅझ कल्चरल थिएटर’ चालवले आणि ते बंद पडल्यावरही शिकवणीवर्ग सुरूच ठेवले. पॉवेल व पार्कर यांच्या वादनातून त्याने काढलेले स्वरपंक्तींचे नियम विद्यार्थी आजही त्याच क्रमाने घोकतात. पार्करच्या एकल वादनांचे स्वरलेखन १९७८ मध्ये पुस्तकरूपाने निघाले आणि जॅझ शिकणाऱ्याच्या दप्तरात ते असतेच. ब्रुक्ससारख्यांची अप्रकाशित ध्वनिमुद्रणे १९८० च्या दशकात संशोधकांनी कपाटातून बाहेर काढली. पियानोवादक सनी क्लार्क १९६३ मध्ये एकतिसाव्या वर्षी वारला तेव्हा मायदेशी त्याचे फारसे नाव नव्हते. पुढे जपानमधील रसिकांनी त्याच्या ‘कूल स्ट्रटिन’ला अमेरिकेतल्यापेक्षा कितीतरी मोठे स्थान दिले.