वाटाघाटीच्या टेबलावर बाई बोलते तेव्हा

‘तुम्ही फार बिचकता, जरा ठाम बोला.’ परराष्ट्र आणि संरक्षण क्षेत्रातल्या स्त्रियांना वाटाघाटी शिकवताना हा सल्ला हमखास दिला जातो. मला तो अर्धवट वाटतो. कारण ते बिचकणं बऱ्याचदा अनुभवातून आलेलं असतं.

हॅना रायली बोल्स, लिंडा बॅबकॉक आणि लेई लाय यांनी २००७ साली काही प्रयोग प्रसिद्ध केले. पगार वाढवून मागणाऱ्या उमेदवारांबरोबर काम करायला आवडेल का, असं त्यांनी लोकांना विचारलं होतं. तीच मागणी करून पुरुषाचं फारसं बिघडत नव्हतं. बाईबद्दलचं मत मात्र चटकन खाली येत होतं. म्हणजे मागितलं की आपण नकोशा होतो, हा स्त्रियांचा अंदाज बरोबरच होता.

२०१० साली एमिली अमानातुल्ला आणि मायकेल मॉरिस यांनी याच्या पुढची गोष्ट दाखवली. स्वतःच्या पगाराची बोलणी करताना स्त्रिया आधीच हात आखडता घेत. दुसऱ्या कुणासाठी बोलायला बसवलं, की त्याच स्त्रिया पुरुषांइतक्याच ताणून धरत. कौशल्य होतंच, भीती परिणामांची होती.

राजनैतिक अधिकारी तर कायमच दुसऱ्यासाठी बोलत असते, म्हणून हा निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो.

प्रशिक्षणातला एक नेहमीचा सराव घ्या. दोन गट, विषय युद्धविरामाचा, प्रत्येकाकडे गुप्त सूचनांचा कागद. एक जण सुरुवात करते, ‘मला वाटतं, तोफा थोड्या मागे घेता आल्या तर बरं होईल.’ चांगला प्रशिक्षक इथे आवाज चढवायला सांगत नाही. तो विचारतो: किती किलोमीटर? कधीपर्यंत? मोजणार कोण? दुसऱ्या फेरीत वाक्य बदलतं: ‘आमच्या सरकारचा प्रस्ताव असा आहे: ७२ तासांत तोफा २० किलोमीटर मागे, पडताळणी तटस्थ निरीक्षकांकडून.’ ‘मला वाटतं’ जाऊन ‘आमच्या सरकारचा’ आलं. शिवाय टेबलावर एक आकडा पडला. पुढची सगळी घासाघीस त्या आकड्याभोवती फिरते. मानसशास्त्रात याला अँकरिंग म्हणतात. अर्थात तो आकडा निभावायचा, तर बोलणी फिसकटली तर आपल्या हाती काय उरतं, हे आधी ठाऊक हवं.

१० हजारांहून अधिक जणांची माहिती एकत्र करणारं एक विश्लेषण २०१५ साली आलं. वाटाघाटींचा अनुभव असेल, तडजोडीला कुठून कुठपर्यंत वाव आहे हे माहीत असेल किंवा दुसऱ्याच्या वतीने बोलायचं असेल, तर स्त्री-पुरुषांच्या यशातला फरक आक्रसतो, असं त्यात दिसलं. तिसरी गोष्ट पदाबरोबर येते. पहिल्या दोन शिकवता येतात, आणि त्या शिकवायलाच हव्यात.

पण आधी खुर्ची तर मिळायला हवी! संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने शांतता प्रक्रियेत स्त्रियांच्या सहभागाचा ठराव क्रमांक १३२५ ऑक्टोबर २००० मध्ये केला. तरीही १९९२ ते २०१९ या काळातल्या मोठ्या शांतता प्रक्रियांमध्ये वाटाघाटी करणाऱ्यांत स्त्रिया सुमारे १३ टक्के होत्या, मध्यस्थांमध्ये तर जेमतेम ६ टक्के.

फिलिपिन्सच्या मिरियम कोरोनेल-फेरर यांना ती खुर्ची मिळाली. राज्यशास्त्राच्या प्राध्यापक असलेल्या या बाई सरकारच्या मुख्य वाटाघाटीकार झाल्या, आणि २७ मार्च २०१४ रोजी मोरो इस्लामिक लिबरेशन फ्रंटबरोबरच्या सर्वंकष करारावर त्यांची सही झाली. बंडखोर संघटनेशी झालेल्या अंतिम शांतता करारावर मुख्य वाटाघाटीकार म्हणून सही करणाऱ्या त्या जगातल्या पहिल्या स्त्री.