जुना लेथ, दुसरी मोटर आणि व्होल्टचं गणित

जुन्या लेथची (धातू फिरवून कातायच्या यंत्राची) मोटर जळाली की दुसरी शोधताना शाफ्टचा व्यास, पायाची भोकं, हॉर्सपॉवर सगळं मोजलं जातं. मग नेमप्लेटवर '२३०/४००' व्होल्ट दिसतं आणि 'दोन्हीवर चालते' एवढाच अर्थ काढून माणूस मोकळा होतो. चालते खरी, पण टर्मिनल बॉक्स उघडून जोडणी बदलली तरच.

थ्री फेज मोटरमध्ये तीन वाइंडिंग (तारेची वेटोळी) असतात. ती त्रिकोणात जोडली की डेल्टा, प्रत्येकाचं एक टोक एकत्र बांधलं की स्टार. वर सांगितलेल्या मोटरमध्ये त्यातल्या प्रत्येकाला २३० व्होल्टच हवे असतात. डेल्टा जोडणीत दोन फेजांमधलं पूर्ण व्होल्टेज एकेका वाइंडिंगवर येतं, स्टारमध्ये ते १.७३ ने भागलं जातं. म्हणून सप्लाय २३० असेल तर डेल्टा, ४०० असेल तर स्टार. बॉक्समधल्या पट्ट्या सहसा उभ्या लावल्या की डेल्टा होतो, आडव्या लावल्या की स्टार.

ही मोटर डेल्टात ठेवून ४०० दिले, तर वाइंडिंगला पावणेदोन पट व्होल्टेज मिळतं. लोखंडी गाभ्यात मावेल तेवढं चुंबकत्व आधीच भरलेलं असतं. पुढे चुंबकत्व फारसं वाढत नाही, करंट मात्र भरमसाट वाढतो. लेथवर काम लावलेलं नसतानाही मोटर घुमते, तापते आणि जळते.

उलटी चूक मला जास्त फसवी वाटते. स्टार जोडणीला २३० दिले की वाइंडिंगवर फक्त १३३ व्होल्ट येतात. टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणजे तो एक तृतीयांशावर येतो. रिकामा स्पिंडल (काम धरून फिरवणारा दांडा) तरीही छान फिरतो. जाड कट घेतला की रोटर (मोटरचा फिरणारा भाग) मागे पडतो, लोड ओढण्यासाठी जादा करंट घेतो आणि मोटर तापते. कमी व्होल्टेजवर मोटरला आराम मिळतो, ही समजूत इथे महागात पडते.

फ्रिक्वेन्सीही बघावी लागते, कारण गाभ्यातलं चुंबकत्व व्होल्ट भागिले हर्ट्‌झवर ठरतं. ४६० व्होल्ट, ६० हर्ट्‌झची मोटर ३८० व्होल्ट, ५० हर्ट्‌झवर निवांत चालते; दोन्ही भागाकार ७.६ च्या आसपास येतात. फक्त वेग सुमारे एक षष्ठांशाने घटतो आणि त्याच प्रमाणात ताकदही. लेथवर लिहिलेले स्पिंडलचे आरपीएम मग खरे राहत नाहीत. आट्यांचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) मात्र तोच राहतो, कारण आटे पाडताना हत्यार सरकवणारा लीडस्क्रू स्पिंडललाच गिअरने जोडलेला असतो.

घरात सिंगल फेजच असेल तर व्हीएफडी, म्हणजे फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग ठरवणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण, लावतात. साधा व्हीएफडी २३० घेऊन थ्री फेज देतो, पण २३० च. व्होल्टेज वाढवत नाही. तिथे २३०/४०० ची मोटर डेल्टात लावावी. ४००/६९० ची असेल तर पूर्ण ताकद मिळणार नाही. व्हीएफडीच्या तारा थेट मोटरला न्याव्यात. लेथचा जुना फॉरवर्ड-रिव्हर्स स्विच मध्ये ठेवू नये, तो व्हीएफडीच्या कंट्रोल टर्मिनलला जोडावा. कव्हर उघडण्याआधी सप्लाय बंद करून काही मिनिटं थांबावं, आतले कपॅसिटर लगेच रिकामे होत नाहीत.

सप्लायच बदलला असेल तर कॉन्टॅक्टरची (मोटर चालू-बंद करणाऱ्या विद्युत स्विचची) कॉइल, दिव्याचा ट्रान्सफॉर्मर आणि कूलंट पंप यांचंही व्होल्टेज तपासावं. करंट जास्त झाला की मोटर बंद पाडणारा ओव्हरलोड रिले तर हमखास विसरला जातो. समजा नेमप्लेटवर करंट ६.०/३.५ अँपिअर आहे. मोटर स्टारवरून डेल्टावर नेली आणि रिले ३.५ वरच राहिला, तर लोड आला की तो ट्रिप होत राहील. वैतागून डायल शेवटपर्यंत फिरवला तर मोटरला संरक्षणच उरत नाही. तो ६ वर आणायचा.