हँग झालेला कॉम्प्युटर कशाची वाट बघत असतो?

मे महिन्यात सोलापुरात माणसंच हँग होतात, तिथं मशीनचं काय! म्हणून मामांनी आधी दोष उन्हाला दिला. टॉवेल कारखान्याच्या माडीवरचा त्यांचा जुना कॉम्प्युटर दर दहा मिनिटांनी थिजायचा. माउसचा बाण हलायचा, पण क्लिक केलं की काही नाही. अर्ध्या-एक मिनिटानं गाडी आपोआप रुळावर. "व्हायरस असंल बघ. फॉरमॅट मारून टाक की," मामा म्हणाले.

मी कॅबिनेटला कान लावला. खालच्या मागांच्या खडखडाटातही ऐकू येत होतं: टक्... टक्... टक्. डिस्कचा दिवा न मिचकावता पेटलेला. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर जवळपास रिकामा, डिस्क 100 टक्के गुंतलेली आणि प्रत्यक्ष वाचला जाणारा डेटा शून्य. एवढी धावपळ आणि हाती काहीच नाही, असं दिसलं की पहिला संशय डिस्कवर घ्यावा.

हार्ड डिस्कमधल्या तबकड्या मिनिटाला 5400 किंवा 7200 फेरे घेतात. वाचणारं हेड त्यांच्यावर काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतं; आपला केस त्याच्या हजारो पट जाड. माहिती असते छोट्या सेक्टरांत, एकेकात 512 किंवा 4096 बाइट, आणि सोबत चूक दुरुस्त करता यावी म्हणून जादा खुणा. किरकोळ गफलत डिस्क त्या खुणांवरून स्वतःच निस्तरते, आपल्याला पत्ताही लागत नाही. बिघाड त्यापलीकडचा असला, तरी ती लगेच हार मानत नाही. 7200 च्या डिस्कचा एक फेरा 8.3 मिलिसेकंदांचा. ती तोच सेक्टर पुढच्या फेऱ्यात वाचते, पुन्हा वाचते, हेड किंचित सरकवून वाचते. यात कितीतरी सेकंद जातात. विंडोज साधारण 60 सेकंदांपर्यंत वाट बघते. तो तुकडा विंडोजच्याच कामाचा असला, तर बाकी सगळे रांगेत उभे.

"धागा तुटला तर माग निदान उभा तरी राहतो," मामा म्हणाले. "ही बया न सांगता त्याच जागी धोटा मारत बसते होय!" इतकं नेमकं मला सांगता आलं नसतं.

डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फो या फुकट प्रोग्रॅममध्ये ती दिसते. त्यात प्रत्येक नोंदीला क्रमांक असतो. 05 म्हणजे बाद करून राखीव जागेत हलवलेले सेक्टर. सी5 म्हणजे लटकलेले: वाचता येत नाहीत, पण आत काय होतं ते कळल्याशिवाय बदलायचे कसे, म्हणून तसेच ठेवलेले. त्यावर नवं काही लिहिलं जाईपर्यंत सहसा निकाल लागत नाही. मामांच्या डिस्कवर सी5 समोर 18 होते. हा प्रोग्रॅम आकडे दहाऐवजी सोळाच्या हिशेबात (हेक्साडेसिमल) दाखवतो, तेव्हा खरे 16 अधिक 8, म्हणजे 24. नुसता सी7 वाढत असता, तर मी आधी 'साटा' केबल बदलून पाहिली असती. तो आकडा डिस्क आणि बोर्ड यांच्यातल्या वाटेवरच्या चुकांचा.

आता इथं बहुतेकजण चुकतात. कुणीतरी सांगतं, विंडोजची डिस्क तपासणारी 'चेकडिस्क' (chkdsk) ही आज्ञा चालव. लाइट गेल्यामुळं फाइलींच्या नोंदीत घोळ झाला असेल, तर तिच्यापुढं `/f` लावल्याचा उपयोग होतो. पण `/r` सगळी डिस्क वाचून काढतो. मरायला टेकलेल्या डिस्कला तासन्‌तास पळवायचं, आणि जे वाचता आलं नाही ते तुकडे फाइलीतून गमवायचे, ही दुरुस्ती कसली? आधी कॉपी, मग दुरुस्ती, तीसुद्धा कॉपीवर. (डिस्क ओळखलीच जात नसेल आणि नुसती टकटक असेल, तर वीज बंद करून डेटा काढणाऱ्या जाणकाराकडेच न्यावी.)

आम्ही लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू हे बिघडलेल्या डिस्कची कॉपी काढणारं साधन चालवलं. हे शहाणं आहे: सहज वाचता येतं ते आधी उचलतं, हट्टी सेक्टर शेवटाला ठेवतं. रात्रभर चाललं. सकाळी नव्या एसएसडीवर (फिरत्या तबकड्या नसलेल्या डिस्कवर) सगळं आलं, फक्त एक चादरीची डिझाइन फाइल उघडेना.

मामा माळ्यावर चढले आणि धुळीत माखलेला गठ्ठा घेऊन खाली आले. त्याच डिझाइनची जेकार्डची पुठ्ठ्याची कार्डं, दोऱ्यानं ओवलेली, प्रत्येकावर भोकांच्या ओळी. भोकांवरून मागाला नक्षी सांगायची, फ्रान्समध्ये 1804 च्या सुमारास जेकार्डच्या यंत्रात आलेली हीच युक्ती पुढं कॉम्प्युटरनंही उचलली. मामांनी एक कार्ड उन्हाकडे धरलं आणि भोकं मोजायला लागले.