४०९६ मतं आली कुठून?

‘आज रात्री १२.३० ते ३.३० वैश्विक किरण पृथ्वीजवळून जाणार, मोबाइल बंद करून लांब ठेवा.’ हा फॉरवर्ड आमच्या घरच्या ग्रुपवर पुन्हा आला. वैश्विक किरण म्हणजे अवकाशातून येणारे वेगवान कण. त्यांना वेळापत्रक नसतं, ते अहोरात्र बरसतात. हे वाचता वाचता तुमच्या अंगातून कितीतरी म्युऑन (या किरणांमुळे वातावरणात तयार होणारे कण) आरपार गेले. त्यांच्यामुळे फोनचा स्फोट होत नाही. पण वैश्विक किरण एक करामत खरोखर करू शकतात.

१८ मे २००३ला बेल्जियममध्ये निवडणूक झाली. ब्रुसेल्सच्या स्खारबेक भागात मतदान यंत्राने एका उमेदवाराला हिशेबात बसूच शकणार नाहीत इतकी मतं दाखवली. फेरमोजणीत फरक निघाला नेमका ४०९६, म्हणजे दोनाचा बारावा घात! यंत्रात आकडे ० आणि १ अशा बिटांत साठवतात; उजवीकडून तेराव्या बिटातल्या ०चा १ झाला, की बरोबर ४०९६ वाढतात. प्रोग्राममध्ये चूक सापडली नाही, म्हणून संशय वैश्विक किरणांवर गेला. तो सिद्ध झाला नाही; असा कण मागे खूण ठेवत नाही.

वैश्विक किरणांतले हे कण बहुतांशी प्रोटॉन. ते वातावरणात वर नायट्रोजन-ऑक्सिजनची अणुकेंद्रं फोडतात आणि नव्या कणांची सर खाली कोसळते. (या सरीतल्या इलेक्ट्रॉनांचं गणित १९३७ साली होमी भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी मांडलं.) या सरीत न्यूट्रॉनही असतात. न्यूट्रॉनवर विद्युतभार नाही, त्यामुळे बहुतेक जण चिपमधून गुपचूप निघून जातात. एखादा मात्र थेट सिलिकॉनच्या अणुकेंद्रावर आदळतो. केंद्राचे तुकडे उडतात, आणि ते भारित असतात. काही मायक्रोमीटरच्या धावेत ते वाटेतले इलेक्ट्रॉन उखडत सुटतात. सिलिकॉनमध्ये दर ३.६ इलेक्ट्रॉनव्होल्टला (हे ऊर्जेचं अगदी छोटं एकक) एक इलेक्ट्रॉन सुटतो. दहा लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट खर्ची पडले, तर सुमारे पावणेतीन लाख! रॅममध्ये एक बिट साठवणाऱ्या कप्प्यातला भार असतो लाखभर इलेक्ट्रॉनांच्या आसपास. सुटलेल्यांपैकी पुरेसे तिथे ओढले गेले, की बिट उलटला. चिप शाबूतच राहते, पुन्हा लिहिलं की बिट ठीक. म्हणून याला ‘सॉफ्ट एरर’ म्हणतात.

सर्व्हरच्या रॅममध्ये दर ६४ बिटांमागे ८ राखणदार बिट असतात; एक बिट उलटला तर तिथल्या तिथे दुरुस्त होतो. मतमोजणीच्या यंत्रांत ही सोय हवीच, असं मला ठामपणे वाटतं. विमानांच्या उंचीवर तर न्यूट्रॉन जमिनीच्या शेकडो पट. नोव्हेंबर २०२५मध्ये एअरबसने ए३२० कुळातल्या सुमारे ६००० विमानांत तातडीने बदल करायला लावले, ते तीव्र सौर प्रारणाने (सूर्याकडून येणाऱ्या अशाच कणांच्या माऱ्याने) उड्डाण-नियंत्रणाची माहिती बिघडू शकते म्हणूनच. त्यात इंडिगो आणि एअर इंडियाचीही विमानं होती.