डायल-अप जोडणी (कार्यालयीन नेटवर्कांची)

दूरदूरच्या कार्यालयांतील स्थानिक नेटवर्के साध्या टेलिफोन लाइनवरून, मोडेमच्या मदतीने, गरजेपुरती जोडण्याची पद्धत. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत, भाड्याची कायमस्वरूपी लाइन परवडत नसलेल्या लहान शाखांना ती सोयीची होती. काम निघाले की एका टोकाचा मोडेम दुसऱ्याला फोन लावी, आणि काम आटोपले की लाइन सोडून देई.

टेलिफोनची लाइन माणसाच्या बोलण्यासाठी आखलेली असते. तिच्यातून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झच्या पट्ट्यातलाच आवाज जातो. संगणकाची माहिती या अरुंद पट्ट्यात बसवण्याचे काम मोडेमचे. त्याचा वेग सेकंदाला २,४०० बिटांवरून ९,६००, १४,४०० असा चढत १९९४ च्या व्ही.३४ मानकाने २८,८०० वर आणि पुढे ३३,६०० वर गेला. १९९८ च्या व्ही.९० मानकाचे ‘५६ के’ मोडेम इथे फारसे उपयोगी नव्हते. तो वेग मिळायला एक टोक टेलिफोन एक्स्चेंजला डिजिटल पद्धतीने जोडलेले लागते. दोन्हीकडे साधी लाइन असली, तर खोक्यावर काहीही छापलेले असो, गाडी ३३,६०० च्या पुढे जात नसे.

कार्यालयातले इथरनेट (संगणक केबलने जोडणारे स्थानिक नेटवर्क) सेकंदाला १ कोटी बिटांचे, म्हणजे २८,८०० च्या मोडेमच्या जवळजवळ साडेतीनशे पट. एक मेगाबाइटची फाइल मोडेमवरून जायला पाच मिनिटे लागत. म्हणून प्रोग्रॅम प्रत्येक शाखेच्या डिस्कवरच ठेवायचे आणि लाइनवरून फक्त नोंदी पाठवायच्या, हा पहिला नियम. तो न पाळणाऱ्या शाखेत मेनू उघडेपर्यंत चहा पिऊन होई. मोडेममधले व्ही.४२बिस कॉम्प्रेशन (माहिती दाबून लहान करण्याची पद्धत) मजकुराला बराच हात देई. आधीच झिप केलेल्या फाइलला त्याचा फायदा शून्य.

सुरुवातीच्या काळात युनिक्स संगणक यूयूसीपी (एका संगणकावरून दुसऱ्यावर फाइली नेणारी प्रणाली) वापरून टपाल आणि फाइली साठवून ठेवत व ठरल्या वेळी, बहुधा रात्री, एकदम पाठवत. चालू जोडणीसाठी आधी स्लिप हा प्रोटोकॉल, म्हणजे संगणकांनी आपसात बोलण्याचे नियम, वापरात आला (इंटरनेटचा मानक-दस्तऐवज आरएफसी १०५५, १९८८). तो इतका साधा होता की त्यात चूक तपासण्याचीही सोय नव्हती. त्यानंतरच्या पीपीपी प्रोटोकॉलने (आरएफसी १६६१, १९९४) ती उणीव भरून काढली. शिवाय पत्ते ठरवणे, पासवर्ड तपासणे आणि एकाच दुव्यावरून अनेक प्रोटोकॉल नेणे शक्य झाले. टर्मिनलवर एक अक्षर टाइप केले, तर टीसीपी-आयपी या इंटरनेटच्या प्रोटोकॉलांच्या ४० बाइटांच्या शीर्षासह (पत्ता वगैरे सांगणाऱ्या पुढच्या भागासह) ४१ बाइट जात. व्हॅन जेकबसन यांच्या १९९० मधल्या युक्तीने हे शीर्ष बहुधा ३ ते ५ बाइटांवर आणले. पॅकेटचा, म्हणजे एका वेळी पाठवायच्या माहितीच्या गठ्ठ्याचा, आकारही आवरावा लागे: ९,६०० च्या लाइनवर १,५०० बाइटांचे पॅकेट सव्वा सेकंद वाट अडवते, २९६ बाइटांचे पाव सेकंद.

खरी डोकेदुखी मात्र वेगाची नव्हती, बडबडीची होती. स्थानिक नेटवर्कवरचे संगणक कोणी काही विचारले नाही तरी बोलत असतात. नोव्हेल नेटवेअर या नेटवर्क-प्रणालीचे सर्व्हर दर ६० सेकंदांनी आपल्या सेवा आणि मार्ग जाहीर करत. विंडोजची यंत्रे एकमेकांची नावे पुकारत. गरजेनुसार आपोआप फोन लावणाऱ्या राउटरला (दोन नेटवर्कांमधली वाहतूक वळवणाऱ्या यंत्राला) यातले खरे काम कोणते हे सांगितले नाही, तर तो प्रत्येक हाकेला फोन लावी. रात्री बारा वाजता रिकाम्या खोलीत मोडेमचा ‘ओएच’ (ऑफ हुक, म्हणजे लाइन उचलल्याचा) दिवा लागतो, डायल टोन, आकडे, पलीकडून २,१०० हर्ट्झची लांब शीळ, मग खरखर. हे सगळे कुठल्यातरी संगणकाला एक नाव विचारायचे होते म्हणून. महिनाअखेरीला बिल आले की उलगडा होई. उपाय दोन: फोन लावण्याजोग्या पॅकेटांची यादी चाळणीत नीट लिहायची, आणि नेटवेअरच्या ‘आहेस का?’ छापाच्या विचारणांना राउटरनेच पलीकडच्याच्या नावाने परस्पर उत्तर द्यायचे. या दुसऱ्या प्रकाराला स्पूफिंग म्हणत. चाळणी जास्तच घट्ट झाली की टपाल अडे, तेव्हा हे काम एका बैठकीत होत नसे.

प्रत्येक कार्यालयाला वेगळे सबनेट (पत्त्यांचा स्वतंत्र गट) आणि दोन्हीकडे हाताने लिहिलेले मार्ग पुरत. फोन लागून मोडेम जुळायला अर्धा मिनिट जाई. टीसीपी तेवढा धीर धरते, काही प्रोग्रॅम धरत नसत. जुन्या सीरियल पोर्टच्या ८२५० चिपमध्ये एकाच बाइटाची जागा असल्याने वेगवान मोडेमचे बाइट सांडत. १६ बाइटांची रांग असलेली १६५५०ए बसवली की तक्रार थांबे. सुरक्षेसाठी चॅप तपासणी (पासवर्ड लाइनवरून न पाठवता ओळख पटवण्याची पद्धत) असे, किंवा कॉल तोडून ठरलेल्या नंबरावर उलट फोन केला जाई.

आयएसडीएन (डिजिटल टेलिफोन लाइन), डीएसएल (टेलिफोनच्या तारेवरचे वेगवान इंटरनेट) आणि व्हीपीएन (इंटरनेटवरून खासगी जोडणी) आल्यावर ही पद्धत मागे पडली. तरी दूरच्या राउटरच्या कन्सोल पोर्टला (यंत्राची मांडणी करण्याच्या जोडणीला) एखादा मोडेम पुढेही बरीच वर्षे जोडलेला असे. मुख्य लाइन बंद पडली, की त्याच वाटेने आत शिरून ती दुरुस्त करता येई.